प्लग बदलण्याआधी तो वाचा: आउटबोर्ड इंजिनाचं दुखणं कसं ओळखायचं?

आमच्या काकांची मालवणला छोटी होडी आहे. मागे १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, दोन सिलेंडरचं. गेल्या सीझनमध्ये त्यांनी चार वेळा स्पार्क प्लग बदलले. फुल स्पीडला दहा-पंधरा मिनिटं गेली की इंजिन दम सोडायचं, बंद करून थंड झालं की पुन्हा चालायचं. नवे प्लग टाकले की दोन-चार फेऱ्या बरं वाटायचं. "प्लगच बोगस गावतत हल्ली," हे काकांचं निदान.

माझं काम सॉफ्टवेअरचं. सर्व्हर पडला की आम्ही आधी लॉग बघतो. लॉग न बघता पुसून टाकणारा टीममध्ये शिव्या खातो. काका नेमकं तेच करत होते. जुना प्लग काढायचा, समुद्रात भिरकवायचा (हो, समुद्रात!) आणि नवा बसवायचा.

प्लगचं टोक थेट जिथे इंधन जळतं तिथे असतं, आणि एका पान्याने बाहेर निघतं. त्यामुळे इंजिन न उघडता आतली हालत कळण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. बघायचं काय? मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या पांढऱ्या चिनीमातीचा रंग.

फिकट तपकिरी किंवा करडा रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी: चोक अडकलेला, कार्ब्युरेटर भरून वाहतोय, किंवा इंजिन बराच वेळ हळू चाललंय. ओला, तेलकट काळा प्लग म्हणजे ऑइल जास्त किंवा स्पार्कच पडत नाहीये. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल. पण किती लोक मापाने ओततात ते तुम्हालाही माहीत आहे. प्लगवर पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला तर टाकीत पाणी गेलंय, किंवा हेड गॅस्केटमधून सिलेंडरमध्ये येतंय.

खरी भीती पांढऱ्या प्लगची. खडूसारखी पांढरी, फोड आल्यासारखी चिनीमाती म्हणजे सिलेंडर प्रमाणाबाहेर तापतोय. दोन्ही प्लग पांढरे असतील तर आधी इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बघा. ती बारीक झाली असेल तर इम्पेलर गेला असणार. धार ठीक असेल तर पेट्रोल कमी पडतंय: जेटमध्ये कचरा, फिल्टर तुंबलेला, किंवा कुठून तरी जादा हवा येतेय. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणून पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. दुहेरी मार. चिनीमातीवर बारीक चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय. तिथेच थांबा, इंजिन पुन्हा चालवू नका.

आता माझी फजिती. मी पहिल्यांदा प्लग काढले ते धक्क्याला लागल्यावर. दोन्ही काळे. मी लगेच इंजिनीअरच्या थाटात सांगितलं, "काका, ऑइल कमी करा." त्यांनी ऐकलं नाही हे नशीब. खाडीतून धक्क्यापर्यंत होडी पंधरा मिनिटं हळूहळू आली होती, आणि त्या वेळातली काजळी आधीच्या रंगावर चढली होती. मी लॉगची फक्त शेवटची ओळ वाचली होती.

बरोबर पद्धत अशी. नवे प्लग टाका, इंजिन गरम करा, नेहमीचं वजन होडीत ठेवून काही मिनिटं फुल थ्रॉटलला चालवा. मग थ्रॉटल कमी न करता थेट स्टॉपचं बटण दाबा आणि तिथेच प्लग काढा. हे शांत पाण्यात, किनाऱ्याजवळ आणि सोबत दुसरी होडी ठेवूनच करा. एकदम थांबल्यावर आपलीच मागची लाट होडीत येऊ शकते. प्लग भाजतो, हातात फडकं घ्या.

तसं केलं तेव्हा खालचा प्लग तपकिरी निघाला आणि वरचा पांढरा. इथे खरी मजा आहे. या इंजिनाला कार्ब्युरेटर एकच, दोन्ही सिलेंडरना मिश्रण तेच. मग पेट्रोल खराब नाही, ऑइलचं प्रमाण चुकलेलं नाही, मेन जेटही तुंबलेला नाही, नाहीतर दोन्ही प्लग सारखे दिसले असते. बिघाड फक्त वरच्या सिलेंडरच्या वाटेवर होता. न्यूट्रलला कधीकधी रेस आपोआप चढायची, तेही तेव्हा आठवलं. मेकॅनिकने फ्लायव्हील काढला. खाली क्रँकशाफ्टचा वरचा ऑइल सील कडक होऊन चिरलेला, तिथून हवा आत ओढली जात होती. कॉम्प्रेशन मोजलं, दोन्हीकडे जवळजवळ सारखं, म्हणजे पिस्टन वाचला होता. भर समुद्रात जाम झाला असता तर वल्ह्यांवर यावं लागलं असतं, तेही वारा बाजूने असता तर.

दुकानात प्लग घेताना नंबर बघाच. एनजीकेचा 'बी७एचएस-१०' घ्या. बी म्हणजे १४ मिमी आटे, ७ म्हणजे उष्णतेची श्रेणी, एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी, आणि १० म्हणजे १ मिमी गॅप. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग 'थंड', चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं! "तसाच दिसतो" म्हणून लांब आट्यांचा प्लग बसवलात तर पिस्टन त्यावर आदळू शकतो.

आणि पेट्रोल. आता पंपावर सर्रास ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरला तेच मिश्रण थोडं पातळ पडतं आणि प्लग पांढऱ्याकडे झुकतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं, आणि ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. इंजिन ओढतं तळातलं. म्हणून पावसाळाभर पडून राहिलेलं मिक्स पेट्रोल सीझनच्या पहिल्या दिवशी वापरू नका.

काकांकडे आता बिस्किटांचा एक जुना डबा आहे. काढलेले प्लग त्यात जातात, प्रत्येकावर मार्करने 'वर' किंवा 'खाल' आणि तारीख. मला मात्र ते अजून ऐकवतात, "काय इंजिनीअर, ऑइल कमी करू?"