जुन्या क्लॅरिनेटचे वय कसे ठरवावे?

खान्देशात लग्नाची वरात असो की श्रावणातील कानबाईची मिरवणूक, बँडचा आवाज आज प्रामुख्याने कीबोर्ड आणि ध्वनिक्षेपकांवर उभा असला, तरी एके काळी गाण्याची चाल पुढे नेण्याचा मान ट्रम्पेटबरोबर क्लॅरिनेटकडे होता, आणि बँडवाले ज्याला क्लॅरोनेट म्हणतात ते हे काळे, चकचकीत चाव्यांचे वाद्य सनईच्या जोडीने लोकांच्या कानात बसले. वरणगाव-भुसावळ पट्ट्यातील एखाद्या घरातल्या जुन्या पेटीत असे वाद्य सापडले, तर त्यावरील ‘लंडन’ किंवा ‘पॅरिस’ ही अक्षरे वाचून ते शंभर-दीडशे वर्षांचे असल्याचा निष्कर्ष सहज काढला जातो. वास्तविक छापलेले नाव हा वयाचा सर्वांत दुबळा पुरावा होय. चाव्यांची रचना, नळीचे द्रव्य, वाद्याचा सूर आणि देशनामाची छाप यांची साक्ष त्यापेक्षा कितीतरी भरवशाची असते.

या परीक्षेत एक तत्त्व सतत लक्षात ठेवावे लागते. बहुतेक खुणा वाद्य ‘अमुक काळाच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतात, ‘अमुक काळाच्या नंतरचे नाही’ असे सांगणाऱ्या खुणा फार थोड्या असतात. म्हणून वाद्यावरील सर्वांत अलीकडची मूळ खूण कोणती हे शोधावे आणि त्याच्या वयाची पूर्वमर्यादा तिच्यावरून ठरवावी. येथे ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. क्लॅरिनेट पाच तुकड्यांचे असते: ओठात धरायचे मुखपत्र, त्याखालचे आखूड बॅरल, डाव्या हाताचा वरचा भाग, उजव्या हाताचा खालचा भाग आणि घंटेसारखे पसरलेले टोक म्हणजे कर्णा. पिढ्यान्‌पिढ्या वाजलेल्या वाद्यात यांपैकी बॅरल आणि कर्णा बदललेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि मुखपत्र तर जवळजवळ नेहमीच नंतरचे असते. त्यामुळे प्रत्येक तुकड्यावरील छाप आणि अनुक्रमांक स्वतंत्रपणे वाचून, वरच्या व खालच्या भागांवरील आकडे जुळतात की नाही हे आधी पाहावे.

चाव्यांची रचना समजण्यासाठी थोडा इतिहास आवश्यक आहे. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर याने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवले तेव्हा त्याला दोनच चाव्या होत्या. इवान म्युलरने १८१२ च्या सुमारास तेरा चाव्यांचे क्लॅरिनेट पॅरिसमध्ये मांडले, आणि त्याच परंपरेत सुधारणा होत जी ‘साधी पद्धती’ तयार झाली तिला ब्रुसेल्सच्या अल्बर्ट घराण्यावरून अल्बर्ट पद्धती असेही म्हणतात. दुसरी शाखा इयासांत क्लोझे आणि ऑग्युस्त ब्युफे यांची असून, त्यांनी १८३९ मध्ये प्रदर्शित केलेल्या आणि १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत बासरीकार बोएम याची फिरत्या कड्यांची कल्पना वापरली असल्याने ती बोएम पद्धती म्हणून ओळखली जाते. दोन्हींतील फरक ओळखण्यास संगीताचे ज्ञान लागत नाही. उजव्या हाताच्या करंगळीखाली चार चाव्या आणि बोटांच्या छिद्रांभोवती एकूण सहा कडी असतील तर वाद्य बोएम पद्धतीचे होय, आणि करंगळीखाली दोनच चाव्या व खालच्या भागावर बहुधा दोन कडी असतील तर ते साधे.

यावरून साधे म्हणजे जुने असे समीकरण मांडणे मात्र भारतात चुकीचे ठरते. युरोपात बोएम पद्धतीने बहुतेक क्षेत्र व्यापल्यानंतरही (जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा अपवाद वगळता) भारतीय वादकांनी साध्या पद्धतीला फार काळ सोडले नाही, कारण तिच्यातील उघड्या छिद्रांवरून बोट हळूहळू उचलत किंवा सरकवत मींड काढणे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, सोपे पडते, आणि सनई-बासरीवर तयार झालेल्या हाताला ती लवकर वश होते. म्हणून येथे चाव्या कोणत्या पद्धतीच्या आहेत यापेक्षा त्या कशा बसवल्या आहेत हे अधिक बोलके असते: लाकडाच्याच कोरलेल्या उंचवट्यांत खिळ्याने अडकवलेल्या पितळी चाव्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे नेतात, तर लाकडात फिरवून बसवलेल्या धातूच्या खुंट्यांवर तोललेल्या चाव्या त्या शतकाच्या उत्तरार्धाकडे किंवा त्यानंतरच्या काळाकडे. चाव्यांचा पांढरा धातू बहुधा जर्मन सिल्व्हर असतो. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या या मिश्रधातूत चांदीचा अंशही नसल्याने त्यावरून किंमत ठरवू नये.

नळीचे द्रव्यही काळ सांगते. पिवळसर बॉक्सवुड आणि हस्तिदंती कडी ही जुन्या काळाची लक्षणे. लालसर तपकिरी कोकस हे कॅरिबियन लाकूड एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कारागिरांच्या आवडीचे. आणि आज सर्वत्र दिसणारे काळे ग्रेनाडिला हे पूर्व आफ्रिकेतील लाकूड आपल्या शिसवीच्या कुळातले. खान्देशात लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते आणि भुसावळ-वरणगाव भागात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यामुळे लाकडी क्लॅरिनेटला तडा जाणे हे येथील नेहमीचे दुखणे असणार हे उघड आहे. तडा बुजवण्यासाठी आडव्या ठोकलेल्या पिना किंवा बाहेरून चढवलेले धातूचे कडे दिसले तर ती दुरुस्तीची खूण आहे, वयाची नव्हे. उष्ण प्रदेशांसाठी म्हणूनच एबोनाइट, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेले रबर, सोयीचे ठरले. ते सूर्यप्रकाशात हिरवट-तपकिरी पडते आणि कापडाने जोरात घासल्यास गंधकाचा वास देते. रबर कठीण करण्याची ही प्रक्रिया १८४० च्या दशकातली असल्याने एबोनाइटचे क्लॅरिनेट त्याआधीचे असू शकत नाही. धातूच्या नळीची क्लॅरिनेटे मुख्यतः १९२० आणि १९३० च्या दशकांतील असतात, तर प्लास्टिकची दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासची किंवा त्यानंतरची.

सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा मात्र सुराचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये मध्य सप्तकातील ‘ए’ स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा धरला जाई. मैफलीच्या वाद्यवृंदांनी १८९६ पासून तो ४३९ पर्यंत खाली आणला, तरी ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जुन्या उच्च सुरालाच धरून राहिले, आणि आजचा ४४० चा संकेत १९३९ च्या लंडन परिषदेत ठरला. उच्च सुराच्या वाद्यांवर पुष्कळदा ‘एच. पी.’ आणि नीच सुराच्या वाद्यांवर ‘एल. पी.’ अशी अक्षरे कोरलेली असतात. ती झिजली असतील तर पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, मदत घ्यावी. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा ‘सी’ पेटीच्या काळी पाचशी जुळतो. वाद्य फुंकून गरम झाल्यावरही तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध लोंबकळत असेल, तर ते उच्च सुराचे असण्याची दाट शक्यता आहे. मोजपट्टीही हेच सांगते: मुखपत्र वगळता आजच्या वाद्याची लांबी साधारण ५९ सेंटिमीटर भरते आणि उच्च सुराचे वाद्य त्याहून सुमारे दीड सेंटिमीटर आखूड असते. ब्रिटिश बनावटीचे असे वाद्य १९३० च्या पूर्वीचे मानण्यास चांगला आधार मिळतो, आणि ‘नंतरचे नाही’ असे सांगणाऱ्या मोजक्या खुणांपैकी ही एक आहे.

नावांकडे यानंतर वळावे. बूझी अँड कंपनी आणि हॉक्स अँड सन या लंडनच्या दोन प्रतिस्पर्धी संस्था १९३० मध्ये एक झाल्या, म्हणून ‘बूझी अँड हॉक्स’ हे जोडनाव असलेले वाद्य त्यापूर्वीचे असू शकत नाही. या संस्थांच्या कारखान्यांच्या नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जतन केलेल्या असल्याने अनुक्रमांकावरून निर्मितीचा काळ मिळण्याची आशा ठेवता येते. पॅरिसच्या ब्युफे क्रॅम्पोनचा वारसा १८२५ पर्यंत आणि सेल्मरचा १८८५ पर्यंत मागे जातो, पण संस्थेच्या स्थापनेचे वर्ष म्हणजे वाद्याचे वर्ष नव्हे. त्याचप्रमाणे धोबी तलावावरील फुर्ताडो यांच्यासारख्या मुंबईच्या वाद्यविक्रेत्याचे नाव असल्यास ते दुकानाचे असते, कारागिराचे नव्हे. युरोपातील कारखाने विक्रेत्याच्या नावाने वाद्ये पुरवीत.

देशनामाची छाप येथे उपयोगी पडते. ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यापाठोपाठ भारतातही १८८९ मध्ये तसाच कायदा झाला आणि परदेशी मालावर उगमदेश छापण्याची प्रथा बळावली. ‘चेकोस्लोव्हाकिया’ ही छाप १९१८ ते १९९२ या काळातली, ‘वेस्ट जर्मनी’ १९४९ ते १९९० मधली. आणि ग्रास्लित्स या जर्मन नावाने ओळखले जाणारे वाद्यनिर्मितीचे गाव दुसऱ्या महायुद्धानंतर क्रास्लित्से या चेक नावानेच दिसते. काही वाद्यांवर बाणाच्या टोकासारखी खूणही आढळते. वरणगावात तिचा संबंध आयुध निर्माणीशी जोडावासा वाटेल, परंतु ती निर्माणी १९६४ ची आहे आणि बाण ही ब्रिटिश राजवटीतील सरकारी मालमत्तेची खूण आहे, म्हणजे वाद्य कधी तरी लष्कराच्या किंवा सरकारी बँडच्या हाती होते एवढेच ती सांगते.

या सगळ्या पुराव्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वाद्य विकण्याआधी ते चकचकीत करण्याची हौस. काचकागदाने नळी घासली किंवा तिच्यावर काळे पॉलिश चढवले की छाप कायमची जाते, आणि गरम पाण्याने धुतलेले एबोनाइट तपकिरी पडते. पुसट अक्षरे वाचण्यासाठी विजेरीचा प्रकाश नळीवर तिरपा धरणे पुरेसे असते. ज्यांच्या घरी असे क्लॅरिनेट असेल त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी किंवा कारागिराच्या हवाली करण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावरील छाप, अनुक्रमांक, मुखपत्राशिवायची लांबी आणि करंगळीखालच्या चाव्यांची संख्या लिहून ठेवावी, छायाचित्रे काढावीत, आणि ते कोणी, कोणत्या बँडमध्ये, कधीपर्यंत वाजवले हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याच कागदावर नोंदवून तो कागद वाद्याच्या पेटीतच ठेवावा.