देवळीतला डबा

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात माझ्या आत्याचे जे माळवदाचे घर आहे, त्याच्या माजघराच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक देवळी आहे. भिंत दोन हात रुंद असल्यामुळे ती चांगली खोल आहे, आणि गावात वीज येण्यापूर्वी तीत रॉकेलची चिमणी तेवत असे याची साक्ष तिच्या माथ्यावरची काजळी अद्यापि देते. तीन वर्षांपूर्वी घरात इंटरनेटची जोडणी घेतली, तेव्हा तार घेऊन आलेल्या मुलाने एकवार चहूकडे पाहिले, विजेचा खटका जवळच आढळला, डबा देवळीत नेमका मावला, आणि दहा मिनिटांत काम उरकून तो पुढच्या गावी निघून गेला. धूळ बसू नये म्हणून आत्याने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. त्या दिवसापासून माजघरात बसले तर सारे जग हातात आणि ओसरीवर पाऊल टाकले की फोनवरचे चक्र गरगरत राहिलेले, अशी त्या घराची अवस्था झाली. "रेंजच येईना गेलीय बाबा, कंपनीच लबाड हाय," असा निकाल आत्याने दिला. कंपनीच्या फोनवरील बाईंनी डबा बंद करून पुन्हा चालू करण्यास फर्माविले. आणि नातवाने परीक्षेचा अर्ज अखेर विहिरीच्या थारोळ्यावर बसून मोबाईलच्या नेटवर भरला.

ही कैफियत एकट्या आत्याची नाही. तुळजापूर, उमरगा, भूम, परंडा, कोठेही चार माणसांत विषय काढावा, लगेच दोन-तीन फिर्यादी पुढे येतात, आणि त्यांची फिर्याद बहुधा खरी असते; फक्त ती ज्याच्यावर गुदरायची तो इसम बहुधा दुसराच निघतो. घरातले हे बिनतारी जाळे तीन हद्दींत विभागलेले असते. गावाबाहेरून घरापर्यंत येणारी तार ही सेवा पुरविणाऱ्या कंपनीची हद्द. ज्याला आपण राउटर म्हणतो तो डबा ही त्याच्या कारखानदाराची. आणि डब्यापासून हातातल्या फोनपर्यंतचा वीस-पंचवीस फुटांचा जो हवेतला मार्ग, तो सर्वस्वी घरमालकाच्या ताब्यातला. तक्रार करण्यापूर्वी डब्यापासून दोन हातांवर उभे राहून वेग पाहावा. तेथे तो पुरेसा असून ओसरीवर गळत असेल, तर कंपनीला दोष देण्यात हशील नाही. तेथेच तो नसेल, तर मात्र अवश्य भांडावे.

राउटर हा मूलतः एक लहानसा रेडिओ आहे, बोलणारा आणि ऐकणाराही. तो साधारणतः दोन पट्ट्यांवर बोलतो: एक २.४ गिगाहर्ट्झचा, ज्याच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित अधिक. आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, ज्याची लहर त्याच्या निम्म्याने आखूड. आखूड लहरींच्या पट्ट्यात माहितीची वाहतूक अधिक होते, पण तिला दमसास कमी. डब्याच्या नावापुढे 'फाइव्ह जी' असे लिहिलेले पाहून पुष्कळजण तीच जोडणी निवडतात (मोबाईलच्या फाइव्ह जीशी तिचा काडीमात्र संबंध नाही, तेथे तो नुसता ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असतो) आणि दोन खोल्या ओलांडताच ती तुटली की डबा सदोष ठरवितात. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात याहूनही कितीतरी आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती, तेव्हा भिंत ही लहरींना सर्वथा अभेद्य नाही हे खरे. पण प्रत्येक भिंत जकातीच्या नाक्यासारखी आपला हिस्सा कापून घेतल्यावाचून त्यांना पुढे सोडत नाही. विटेची पातळ भिंत थोडक्यावर भागविते. दगड-मातीची दोन हात भिंत जवळजवळ सारा माल ठेवून घेते, आणि पावसाळ्यात ती ओलावली की तिची भूक आणखी वाढते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. आत्याच्या देवळीत डबा तिन्ही बाजूंनी अशा भिंतीत पुरलेला होता, माथ्यावर माळवदाची पांढरी माती होती, आणि समोरच्या एकमेव मोकळ्या बाजूला पाण्याचा रांजण!

या जिल्ह्यात भिंतींचा विषय निघाला की मन सहजच दुसरीकडे जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो भूकंप झाला, त्यात शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारीसह आपल्या उमरगा-लोहारा भागातील गावे याच जाड भिंतींखाली आणि याच मातीच्या माळवदांखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली, आणि दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. नेटच्या गोष्टीत तो प्रसंग आणणे हलकेपणाचे वाटेल, परंतु एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या डब्याविषयी दोन गावांतले ग्राहक परस्परविरुद्ध का बोलतात, याचे कारण त्या रात्रीशी निगडित आहे. पुनर्वसित गावांतील घरांच्या भिंती सडपातळ, रस्ते सरळ. तेथे एका डब्यात अंगणापर्यंत भागते. पुढे कुटुंब वाढले, अंगणात पत्र्याची शेड चढली, आणि पत्रा या लहरींना आरशाप्रमाणे परतवीत असल्यामुळे शेडमधल्या सुनेची कुरकुर सुरू झाली, तो भाग निराळा.

दुकानात गेलेला ग्राहक डब्यावरच्या काड्या मोजतो. चार काड्यांचा डबा दोन काड्यांच्या डब्याच्या दुप्पट लांब फेकतो, ही समजूत दुकानदारही मोडीत नाहीत. वस्तुतः डब्याने किती जोराने बोलावे यास सरकारी मर्यादा आहे. एके काळी आपल्याकडे नुसता रेडिओ ऐकायचा तरी परवाना काढून त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. आज घरोघरी बोलणारा रेडिओ बिनपरवाना चालतो तो जानेवारी २००५च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा आणि ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त केल्यामुळे, आणि त्या मोकळिकीची अट हीच की आवाज ठरावीक शक्तीच्या वर चढता कामा नये. शिवाय डब्याने कितीही ओरडून सांगितले, तरी फोनला उत्तर द्यावे लागते, आणि फोनचा आवाज बारीक. म्हणून पडद्यावर तीन रेघा दिसूनही पान उघडत नाही, असा अनुभव येतो. काड्या मात्र उभ्या ठेवाव्यात, कारण उभ्या काडीतून लहरी आडव्या दिशेने घरभर पसरतात. दूरच्या खोलीसाठी रिपीटर घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तो एकाच पट्ट्यावर ऐकून तेच पुन्हा बोलत असेल, तर निम्मा वेग वाटेतच खर्ची पडतो. त्यापेक्षा तारेने जोडलेला दुसरा डबा दिसायला गबाळा, पण कामाला चोख.

बंद करून चालू करण्याच्या सल्ल्याची आपण थट्टा करतो, पण त्यात तथ्य आहे. राउटर हा एक छोटा संगणक असून, महिनोन्‌महिने अखंड चालल्यावर त्याच्या स्मृतीत जुन्या नोंदी साचतात, कधी तो अडतो, आणि पुन्हा सुरू होताना कोऱ्या पाटीने बसतो. मात्र लाल दिवा लागला असेल तर हा उपाय व्यर्थ होय. त्या दिव्याचा अर्थ काचेच्या तारेतून येणारा प्रकाशच खुंटला आहे असा. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने कोठेतरी तार उचकटलेली असते, किंवा घरातच कोणी ती खिळ्याला घट्ट गुंडाळलेली असते. आत काच आहे, बांगडीहून लहान वळसा तिला देऊ नये. लाइट गेल्यावर नेट जाते ही तर निराळी फिर्यादच नव्हे. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, आणि तेवढ्यापुरती लहान बॅटरी बाजारात मिळते.

वेगाच्या आकड्यांतही गफलत होते. जाहिरातीतला ४० एमबीपीएस हा बिटांचा हिशेब आहे, आणि फोनवर उतरणारी फाइल बाइटांत मोजलेली असते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला पाच मेगाबाइट उतरले म्हणजे माल पुरेपूर मिळाला. जानेवारी २०२३पासून सरकारी व्याख्येप्रमाणे २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हणता येत नाही. ही किमान मर्यादा फारच मवाळ आहे, असे माझे मत आहे.

आता खरोखरच कंपनीची कसूर असेल तर दाद कोठे मागावी? प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, आणि तेथून तक्रार क्रमांक मागून घ्यावा. आमच्या आत्याने सात वेळा फोन केला, पण क्रमांक एकदाही टिपून घेतला नाही, त्यामुळे दफ्तरी ती तक्रारदार म्हणून सिद्धच होईना. निकाल न लागल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या मुदतीत अपील करता येते, आणि ते ३९ दिवसांत निकालात काढण्याचे बंधन त्याच्यावर आहे. याउपर धाराशिवचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक न्यायालयांत चालत नाहीत, असा २००९च्या एका निवाड्याच्या आधारे कंपन्यांचा उजर असे. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तो निकाली काढला. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास आयोगाकडे शुल्क पडत नाही. नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. डबा स्वतः विकत घेतलेला असेल आणि बिघाड त्यातच असेल, तर दावा दुकानदार व कारखानदारावर लागतो, म्हणून बिल जपून ठेवावे.

गेल्या दिवाळीत त्या तारवाल्या मुलाला पुन्हा बोलावून तार दारावरून फिरविली, आणि डबा माजघराबाहेर ओसरीच्या खांबाला, डोक्याच्या उंचीवर, उघडा टांगला. खर्च दोनशे रुपये आला. नातू आता ओसरीवरच अभ्यास करतो. माजघरात रेंज थोडी उतरली आहे, पण तेथे आत्या झोपते, तिची हरकत नाही. क्रोशाचा रुमाल रांजणावर गेला.