अल्सरचा दोष कुणाच्या माथी

रॉबिन वॉरन २३ जुलै २०२४ रोजी गेले, वयाच्या ८७व्या वर्षी. जठरातल्या आणि ड्युओडेनममधल्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या, बहुतेक व्रणांमागे एक जीवाणू असतो, हे ज्या दोघांनी जगाला पटवलं त्यांतले ते थोरले. धाकटे बॅरी मार्शल. मी वाचतो त्या एकाही वर्तमानपत्रात वॉरन यांच्या जाण्याची बातमी मला दिसली नाही. त्याच सुमारास औषधाच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलच्या तीन पट्ट्या घेतल्या. कधीपासून घेताय, विचारलं. ‘सात-आठ वर्षं झाली की, पित्ताचीच आहे.’ एंडोस्कोपी, जीवाणूची तपासणी? कुणी सांगितलीच नव्हती. हे मला फार लागलं.

जीवाणू सापडण्याआधीचं शतक मी भरभर उरकतो. १८८१मध्ये बिलरोथ यांनी व्हिएन्नात कर्करोगासाठी जठराचा भाग काढून दाखवला आणि पुढे तीच वाट व्रणासाठीही वापरात आली. १९१०मध्ये श्वार्ट्झ यांनी सूत्र दिलं, आम्ल नाही तर व्रण नाही. मग तासातासाला दूध-साय पाजणं आलं, अँटासिडं आली, १९७६मध्ये सिमेटिडीन आलं. ते घडवणाऱ्या जेम्स ब्लॅक यांचं काम मोठंच. पण सगळ्यांचा प्रश्न एकच होता, आम्ल कमी कसं करायचं. आम्ल तर प्रत्येकाच्या पोटात असतं, मग व्रण याच माणसाला का, हे कुणी नेटानं विचारत नव्हतं.

मी सर्जरी शिकलो ती ऐंशीच्या दशकात, मुंबईत. वॉर्डात गिरणगावातली माणसं फार. १९८२चा गिरणी संप लांबून पगार बंद झालेले होते. अपरात्री एखादा पोट धरून यायचा. पोट हाताला फळीसारखं लागायचं. उभं करून एक्स-रे काढला की श्वासपटलाखाली हवेची काळी कड. ड्युओडेनमला भोक पडलेलं. पोट उघडायचं, आत पसरलेलं सगळं सलाइननं धुऊन काढायचं, भोकावर ओमेंटमचा, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, तुकडा टाक्यांनी बसवायचा. ज्यांनी वर्षानुवर्षं दुखणं काढलेलं असे, त्यांचा जठराबाहेरचा मार्गच आवळून गेलेला असे. काल दुपारी खाल्लेला भात आज उलटीत दिसे. कूस हलवली की आतलं पाणी खळखळे, नुसत्या कानाला ऐकू येई. त्यांना ‘व्हेगॉटॉमी-जीजे’, म्हणजे व्हेगस नस कापायची आणि जठर आतड्याला जोडायचं. पोट रिकामं होऊ लागे खरं, पण काहींना नंतर प्रत्येक जेवणामागे घाम, चक्कर, जुलाब.

आणि राउंडवर प्रश्न ठरलेले. तिखट खातोस? चिंता करतोस? हरी, वरी, करी, म्हणजे घाई, काळजी आणि तिखट, हे त्रिकूट आम्ही पाठ म्हणत असू. संपात पगार थांबलेल्या माणसाला चिंता करू नको सांगायचं. खानावळीत ताटात पडेल ते खाणाऱ्याला थंड दूध आणि मऊ भात लिहून द्यायचा. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम आम्ल उलट वाढवतात, हे तेव्हाही छापून आलेलं होतं. विडी सोड, एवढा सल्ला मात्र खरा होता. धुरानं व्रण भरायला वेळ लागतो.

मग रॅनिटिडीन आलं. भारतात तेव्हा औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या प्रक्रियेलाच पेटंट मिळे, त्यामुळे देशी कंपन्यांनी ते स्वस्तात दिलं. त्या कायद्याचे आपल्यावर उपकार आहेत. ऑपरेशनं घटली. पण गोळी थांबली की वर्षभरात बहुतेकांचा व्रण पुन्हा उघडे.

उत्तर तोवर ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये सापडलेलं होतं. वॉरन यांना १९७९मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या अस्तरावर वाकडे जीवाणू दिसले. ते वाढवायचे प्रयत्न फसत होते, कारण प्लेट दोन दिवसांत टाकून दिल्या जात. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या पाच दिवस राहिल्या आणि जीवाणू उगवला. १९८४च्या ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा लेख आला. त्यात ड्युओडेनल अल्सरच्या तेराही रुग्णांत जीवाणू होता. त्याच वर्षी मार्शल यांनी तो स्वतः प्यायला आणि जठराला सूज आलेली एंडोस्कोपीत दाखवली. आमच्याकडे एका रजिस्ट्रारनं तो लेख चर्चेला घेतला, तेव्हा वरिष्ठांनी एका वाक्यात गुंडाळला. ‘एवढ्या आम्लात जंतू जगेल कसा?’ तो युरीएज बनवतो, युरियापासून अमोनिया करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. हे समजून घ्यायचं तर पुढे वाचत राहावं लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९४मध्ये अँटिबायोटिक देण्यावर शिक्का मारला. मधल्या दहा वर्षांत ज्यांच्या व्हेगस नसा कापल्या, त्यांतले कितीतरी जण दोन आठवड्यांच्या औषधांनी बरे झाले असते. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

हा संसर्ग बहुधा लहानपणीच होतो, दाटीवाटीच्या घरांत, माणसाकडून माणसाला. दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या माणसाच्या जिभेला आणि स्वभावाला आपण दोष दिला. त्याच्या खोलीकडे पाहिलं नाही.

आज भोक पडलेली पोटं कमी येतात. पण कारण न शोधण्याची सवय तशीच आहे. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जीवाणू असतो आणि त्यातल्या बहुतेकांना व्रण कधीच होत नाही, म्हणून सरसकट अँटिबायोटिक द्या असं मी म्हणणार नाही. पण व्रण सापडला तर जीवाणू शोधलाच पाहिजे, आणि तोही आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, नाहीतर असलेला जीवाणू रिपोर्टात दिसत नाही. मग चौदा दिवसांचा पुरता कोर्स, आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी फेरतपासणी. ही फेरतपासणी फार थोडे करतात. क्लॅरिथ्रोमायसीन खोकल्याला आणि मेट्रोनिडाझोल जुलाबाला इतकी वर्षं वाटली गेली की दोन्हींना हा जीवाणू आता पुष्कळ ठिकाणी दाद देत नाही. बिस्मथसह चार औषधं द्यावी लागतात. दुसरीकडे गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक आणि हृदयासाठी ॲस्पिरिन घेणारी म्हातारी माणसं त्या गोळ्यांनीच व्रण होऊन, पोटात काही न दुखता काळी, चिकट शी होऊन थेट रक्त चढवायलाच दाखल होतात.

ओळखीचे लोक अजून मला डिस्चार्ज कार्डं दाखवायला आणतात. अलीकडच्याच एका कार्डावर ड्युओडेनल अल्सर लिहिलेला होता, तिखट-तेलकट बंद होतं, ताण घेऊ नये असंही होतं, आणि पँटोप्राझोल ‘चालू ठेवा’. जीवाणूच्या तपासणीचा रकाना त्या छापील कार्डावर नव्हताच.