चाकातली हवा आणि समोरचा आकडा

मापात पाप करणारा वाणी आपल्या चांगला ओळखीचा आहे. त्याच्या तागडीवर डोळा कसा ठेवावा, हे आपल्या आज्यांनी आपल्याला शिकवून ठेवले. पण मोटारीत बसल्यावर समोरच्या पडद्यावर चार चाकांचे चित्र उमटते, प्रत्येक चाकाशेजारी हवेचा आकडा झळकतो आणि तो मात्र आपण वेदवाक्य म्हणून स्वीकारतो! यंत्राने सांगितले, तेव्हा ते खरेच असणार. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. शब्दाचा अर्थ संदर्भाशिवाय लागत नाही, हे वर्गात सांगता सांगता माझा निम्मा जन्म गेला. आकड्याचेही तसेच असते, हे कळायला मात्र विश्रांतवाडीतला एक पेट्रोल पंप कारणी लागला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी गाडीत हवा भरून घेतली. पंपावरचे यंत्र म्हणाले ३३ पौंड. घरी आलो तो आमच्या सोसायटीतले निवृत्त सुभेदारसाहेब खाली उभेच होते. त्यांनी खिशातून पेन्सिलीसारखे मापक काढून चाकाला लावले. ते म्हणाले ३४. गाडीतल्या पडद्यावर पाहावे, तर ३२!

"सर, पंपवाला फसवतोय," सुभेदारसाहेबांनी निकाल दिला.

"फुकटच्या हवेत तो काय फसवणार?" वरच्या गॅलरीतून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. मुद्दा बिनतोड होता.

मग खोटे कोण? थोडे वाचले, महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले, तेव्हा उलगडा झाला तो असा, की तिघेही आपापल्या परीने खरेच बोलत होते.

पौंड म्हणजे चाकाच्या आतल्या दर चौरस इंचावर पडणारा पौंडांतला दाब. हातातले मापक तो थेट मोजत नाही. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त आहे, तेवढेच ते सांगते. अशा मापकांत एखाद्या पौंडाचा फरक नेहमीचाच. सुभेदारसाहेबांचे मापक तर कित्येक वर्षे स्कूटरच्या डिकीत आदळत आलेले!

पडद्यावरचा आकडा निराळ्या वाटेने येतो. चाकाच्या आत, बहुधा हवा भरण्याच्या व्हॉल्व्हलाच, एक चिमुकले यंत्र बसवलेले असते. त्याला स्वतःची बॅटरी असते आणि ती काही वर्षांनी संपतेही. हे यंत्र चाकातला दाब मोजते आणि रेडिओलहरींवरून गाडीला कळवते. गाडी उभी असली की ते बहुधा झोपी जाते, आणि चालू लागली की जागे होऊन ठराविक वेळाने बातमी देते. म्हणून गाडी सुरू करताच दिसणारा आकडा पुष्कळदा आदल्या दिवसाचा, शिळा असतो. शिवाय पडदा पौंडांचे अपूर्णांक गाळतो, आणि खुद्द यंत्रातही एक-दीड पौंडाची चूक सहज संभवते.

खरी गंमत पुढेच आहे. हे आतले यंत्र रिंगच्या पोटात कोंडलेले. बाहेरच्या हवेचा दाब त्याला कसा कळावा? ते आतला एकूण दाब मोजते आणि त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करावा लागतो. काही गाड्या तो वेगळा मोजतात. काही मात्र समुद्रसपाटीचा दाब, म्हणजे १४.७ पौंड, ठरीव धरून चालतात. पण पुणे समुद्रावर कुठे आहे? आपण सुमारे ५६० मीटर उंचीवर राहतो आणि इथे हवेचा दाब जवळजवळ एक पौंडाने कमी असतो. मुंबईचा हिशेब पुण्यात लावला, की वजाबाकी एक पौंडाने जास्त होते आणि आकडा एक पौंडाने कमी दिसतो. माझ्या गाडीचे ३२ तसेच असावेत.

उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो, हे फ्रान्सच्या पास्कलने १६४८ साली सिद्ध करून घेतले. त्याची प्रकृती नाजूक. तेव्हा पाऱ्याची नळी देऊन त्याने आपल्या मेहुण्याला प्युई द दोम नावाच्या डोंगरावर चढवले. वर गेल्यावर नळीतला पारा खाली आला. आपण मुलांना घेऊन महाबळेश्वरला जातो, तेव्हा नकळत तोच प्रयोग करत असतो. तिथली उंची सुमारे १,३७० मीटर. हवामान सारखे राहिले असे धरले, तर पुण्यात ३३ दाखवणारे मापक तिथे ३४ च्या वर जाईल आणि समुद्रसपाटीचा हिशेब करणारा पडदा आपल्या जागचा हलणार नाही. चाकातली हवा तेवढीच, आणि दोन मापांत दोन पौंडांचे अंतर!

इथवर सारी करमणूक झाली. परंतु एका आकड्यापायी माणसे जिवाशी खेळतात, तो प्रकार उन्हाचा आणि वेगाचा. हवा तापली की दाब वाढतो. मोटारीच्या चाकात दर १० अंश सेल्सिअसला सुमारे दीड पौंड. पहाटे ३३ भरून निघालेली गाडी द्रुतगती मार्गावर तासभर धावली, की पडदा ३७-३८ दाखवू लागतो. मग घरातले कोणी तरी जाणते माणूस म्हणते, "अहो, हवा जास्त झाली, टायर फुटेल! थोडी सोडा बरे." नेमके हेच करू नये. वाढलेला तो आकडा यंत्राची चूक नव्हे. गाडीवर कंपनीने लिहिलेला दाब थंड चाकाचा असतो आणि तापल्यावरची ही वाढ तिने धरलेली असते. गरम चाकातून चार पौंड सोडले, की गार झाल्यावर तेच चाक २९ वर येते. कमी हवेचे चाक रस्त्यावर जास्त दबते, त्याच्या दोन्ही बाजू दर फेऱ्याला वाकतात, वाकून तापतात. आणि भरधाव वेगात टायर फुटण्यामागे पुष्कळदा ही उष्णताच असते.

ही यंत्रे सक्तीची झाली, तीही अशाच अपघातांमुळे. २००० साली अमेरिकेत फोर्डच्या गाड्यांवरचे फायरस्टोन कंपनीचे सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. टायर उखडून गाड्या उलटल्या होत्या आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली होती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींत हवेवर पहारा ठेवणारे यंत्र अनिवार्य ठरले. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली: ट्यूबलेस टायर, हे यंत्र आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असेल, तर लहान मोटारीला जादा चाकाची सक्ती राहिली नाही. म्हणजे स्टेपनीची जागा काही अंशी या आकड्याने घेतली! मग त्याची मर्यादा आपल्याला ठाऊक नको का?

तिथल्या नियमानुसार धोक्याचा दिवा लागायचा तो हवा २५ टक्क्यांनी उतरल्यावर. ३३ च्या चाकात २५ पौंडांच्या आसपास येईपर्यंत दिवा गप्प राहिला, तरी तो नियमाला धरूनच. काही गाड्यांत तर चाकात यंत्रच नसते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होऊन जास्त फेरे घेते, त्यावरून गाडी अंदाज बांधते. ती आकडा दाखवत नाही, आणि चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर तिला पत्ता लागणे कठीण. शिवाय चाकांची अदलाबदल करून गाडीला तसे कळवले नाही, तर काही गाड्यांत मागच्या चाकाचे दुखणे पुढच्याच्या नावावर दिसते.

तेव्हा वाचकहो, पडद्यावरच्या आकड्याचा उपयोग कसा करावा? एका पौंडाच्या फरकावर भांडू नये. चार चाकांची आपसांत तुलना करावी. तीन चाके ३२ वर आणि एक २९ वर असेल, तर त्या एकाला खिळा लागला असेल असे समजून पंक्चरवाल्याकडे जावे. कालच्या सकाळशी आजची सकाळ ताडून पाहावी. हवा भरताना मात्र एक चांगले हातमापक वापरावे, तेही गाडी तीन-चार तास उभी राहिल्यावर. किती भरावी, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. टायरवर कोरलेला मोठा आकडा कमाल दाबाचा, तो घेऊ नये. माणसे आणि सामान पुरेपूर असेल, तर त्याच पाटीवर भरल्या गाडीचा निराळा दाब असतो, तो पाहावा. आणि चांगले चाकही महिन्याला एक-दोन पौंड गमावते, हे ध्यानात ठेवावे.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ कुटुंबे गाडीने गावाला निघतील. कोणी कोकणात उतरेल, कोणी समृद्धी महामार्गाने नागपूर गाठेल. चिवड्याचे डबे मागे रचण्याआधी, चाके गार असतानाच, पाच मिनिटे काढून चारही चाकांना मापक लावावे. स्टेपनी असेल, तर तिलाही विसरू नये. तिच्या हवेची बातमी पडद्यावर बहुधा येतच नाही.