केबल स्ट्रीट भित्तिचित्र
लंडनच्या ईस्ट एंड या कामगारवस्तीतील सामुदायिक भित्तिचित्र. ते सेंट जॉर्ज टाउन हॉलच्या बाह्य भिंतीवर रंगविलेले आहे. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी ऑझ्वल्ड मोस्लीच्या फॅसिस्ट अनुयायांनी मोठी ज्यू वस्ती असलेल्या या भागातून संचलन करण्याचे योजिले होते. ज्यू रहिवासी, आयरिश गोदी-कामगार, कम्युनिस्ट इत्यादींनी रस्त्यांत अडथळे उभारून ते रोखले. प्रत्यक्ष चकमक झाली ती वाट मोकळी करू पाहणाऱ्या पोलिसांशी. फॅसिस्ट केबल स्ट्रीटपर्यंत पोहोचलेच नाहीत. चित्रातही म्हणूनच घोडेस्वार पोलीस व जमाव यांची झुंज ठळक आहे.

डेव्ह बिनिंग्टन या चित्रकाराने स्थानिक रहिवाशांच्या आठवणी व जुनी छायाचित्रे यांच्या आधारे आराखडा तयार केला. गर्दीची घुसळण व वक्राकार यथादर्शन यांत मेक्सिकन भित्तिचित्रपरंपरेचा प्रभाव जाणवतो. १९८२ मध्ये अपूर्ण चित्रावर उजव्या गटांच्या घोषणा रंगवून त्याचे विद्रूपीकरण करण्यात आले. बिनिंग्टन बाजूला झाल्यावर पॉल बटलर, डेझमंड रॉकफर्ट व रे वॉकर यांनी १९८३ मध्ये ते पुरे केले. पुढेही त्यावर हल्ले झाले व दर वेळी ते दुरुस्त करावे लागले. २०११ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन करण्यात आले.