बिडाची की पत्र्याची?

ओस्लो : नॉर्वेची बहुतेक वीज धरणांच्या पाण्यावर तयार होते आणि घरंही मुख्यतः विजेवरच तापतात. तरी असंख्य घरांत लाकडाची बंद शेगडी असतेच. वादळात तारा तुटल्या की ऊब तिचीच. विजेवाचून घर तापवायची सोय ठेवा, असं सरकारही सांगतं. त्यामुळे शेगडी बिडाची घ्यावी की पोलादी पत्र्याची, याचा इथे कसून विचार होतो.

बिडाचा मान जुना. शेगड्या बनवणारा उलेफोसचा लोखंड कारखाना १६५७ चा, शेगड्यांचीच योतुल कंपनी १८५३ ची.

वाशी-भूमच्या वाचकाला या दोन धातूंचा स्वभाव ठाऊक आहे. खवा भट्टीवरची लोखंडी कढई आपटली तर तिला पोचा येतो. बिडाचा तवा फरशीवर पडला तर दोन तुकडे. बिडात साधारण दोन ते चार टक्के कार्बन असतो, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांत. तडा त्यांच्याच वाटेने पुढे सरकतो. साध्या पोलादात कार्बन अगदी थोडा, म्हणून ते आधी वाकतं.

साठ सेंटिमीटरची बिडाची पाटी चारशे अंशांनी तापली की सुमारे अडीच मिलिमीटरने वाढते. सगळीकडून सारखी वाढली तर काही बिघडत नाही. पण मधोमध लाल आणि कडेला गार राहिली, बोल्ट करकचून आवळलेले असले किंवा तापल्यावर पाणी सांडलं, तर चीर पडते. नव्या शेगडीत सुरुवातीचे जाळ लहान ठेवायचे ते यासाठीच.

पत्राही अमर नाही. अति जाळाने तो फुगतो, दार नीट बसत नाही, वेल्डिंग उकलतं. बिडाची शेगडी मात्र सुट्या पाट्यांची. जळकी पाटी काढून नवी बसवता येते, आणि टिकाऊपणात तिचं पारडं जड होतं ते इथेच. फक्त सांध्यांतलं सिमेंट झडलं की हवा आत शिरते, जाळ आवरत नाही, बीड आणखी तापतं. बीड ऊब जास्त धरतं, हा समज मात्र सोडावा. वजन सारखं असेल तर दोन्ही जवळपास सारखीच धरतात.

जुनी शेगडी घेताना खोलीत अंधार करून आत विजेरी पेटवावी. फट असेल तिथून उजेड बाहेर येतो. पण १९९८ पासून नॉर्वेत नव्या शेगड्यांना कमी धुराची अट आहे आणि ओस्लो महापालिकेने जुन्या बदलायला अनुदानही दिलं. त्यामुळे एकही तडा नसलेल्या शेगड्याही आता भंगारात निघतात.