सव्वीस डॉलरचा साचा

१९८१ साली अमेरिकेतल्या एका कापड गिरणीने प्रत्येकी ५,००० डॉलर मोजून साचे, म्हणजे कापड विणायचे माग, घेतले. चार-पाच वर्षांत गिरणी मोडीत निघाली, तेव्हा ५० डॉलरलाही त्यांना गिऱ्हाईक मिळेना. अखेर ते २६ डॉलर नगाने भंगारात गेले, आणि ते उचलून न्यायचा खर्च त्याहून जास्त होता. गिरणीचं नाव बर्कशायर हॅथवे, मालकाचं नाव वॉरन बफे. हा हिशेब बफेंनीच १९८५च्या वार्षिक अहवालात भागधारकांपुढे मांडला आहे.

बफेंवरची पुस्तकं आपल्याकडे चवीने वाचली जातात. त्यांत कोका-कोला असतं, ॲपल असतं, चक्रवाढीचे डोळे दिपवणारे आकडे असतात. माझं मन मात्र त्या गिरणीपाशी अडतं, कारण माझी उमेदीची वर्षं लोअर परळच्या एका गिरणीत, कॉस्टिंग खात्यात गेली.

बफे हे बेंजामिन ग्रॅहम यांचे शिष्य. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ग्रॅहम शिकवत की शेअर म्हणजे धंद्यातली भागीदारी, आणि ती खऱ्या किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळाली तरच घ्यावी. मग अंदाज थोडा चुकला तरी मुद्दलाला धक्का लागत नाही. डिसेंबर १९६२मध्ये बर्कशायरचा शेअर साडेसात डॉलरला मिळत होता आणि त्याची पुस्तकी किंमत होती २० डॉलरच्या वर. गुरूच्या शिकवणीत चपखल बसणारा सौदा, म्हणून बफेंनी शेअर घेतले. १९६४ साली गिरणीचे प्रमुख सीबरी स्टँटन यांनी साडेअकरा डॉलरने शेअर परत घ्यायचं तोंडी कबूल केलं. प्रत्यक्ष पत्र आलं त्यात भाव होता ११ डॉलर साडेसदतीस सेंट. साडेबारा सेंटांची काटछाट. बफे भडकले. शेअर विकायचे सोडून घेतच सुटले आणि मे १९६५मध्ये आख्खी गिरणी गळ्यात घालून बसले. तो शुद्ध मूर्खपणा होता, असं त्यांनी ५० वर्षांनी स्वतःच लिहिलं.

गिरणी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावात होती. नवे प्रमुख केन चेस मेहनती आणि सरळ, कामगारही समजूतदार. पुरुषांच्या सुटाला लागणाऱ्या अस्तराच्या बाजारात गिरणीचा मोठा वाटा होता. तरीही पैसा टिकत नव्हता. व्यवस्थापन चांगलं, माणसं चांगली, मग बिघडलं कुठे?

याचं उत्तर मला साचेखात्यातल्या कागदांवर दिसलेलं आहे. नव्या यंत्रांचा प्रस्ताव आमच्याकडे ठरावीक पद्धतीचा असे. एका विणकराकडे आता किती साचे देता येतील, मीटरमागे मजुरी किती वाचेल, सूत तुटून होणारं नुकसान कितीने कमी होईल, आणि तळाला मॅनेजरसाहेबांची नजर आधी जाई ती ओळ : पैसे इतक्या वर्षांत वसूल. बेरजा बरोबर असत. पण यंत्रं विकणारा तोच माणूस शेजारच्या गिरणीतही तेच गणित मांडून आलेला असे. दोन्हीकडे नवे साचे बसत, दोघांचंही कापड स्वस्त पडू लागे, आणि मुळजी जेठा मार्केटमधला व्यापारी दोघांनाही भाव पाडायला लावी. त्यातून भिवंडी आणि इचलकरंजीचे यंत्रमाग त्याहून स्वस्त कापड घेऊन उभेच. बचत खरी होती, पण ती गिरणीच्या तिजोरीत मुक्कामाला थांबत नव्हती.

बफेंनी १९८५च्या त्याच अहवालात हेच दाखवलं आहे. मिरवणूक नीट दिसावी म्हणून एकजण टाचा उंच करतो, मग सगळेच करतात. कोणाला जास्त दिसत नाही आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. त्यांनी पुरावा दिला तो बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या अमेरिकेतल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या कापड कंपनीचा. १९६४ ते १९८५ या काळात तिने यंत्रसामग्रीत सुमारे ३०० कोटी डॉलर ओतले. १९६४ साली ६० डॉलर असलेल्या शेअरमागे हा खर्च २०० डॉलरहून जास्त पडतो. एवढं करून २१ वर्षांनी शेअरचा भाव जुन्या पातळीच्या जेमतेम वर, आणि तोवर महागाई तिपटीच्या पुढे गेलेली.

म्हणून कुठल्याही धंद्याकडे बघताना मी पहिला प्रश्न विचारतो : खर्च वाचला, तर ती बचत राहते कोणाच्या खिशात?

आता दुसरं टोक. १९७२च्या सुरुवातीला बफे आणि त्यांचे सहकारी चार्ली मंगर यांनी कॅलिफोर्नियातली सीज कँडीज ही चॉकलेटं-मिठाईची कंपनी घेतली. विकणाऱ्यांना हवे होते तीन कोटी डॉलर, बफे अडीच कोटींच्या वर जायला तयार नव्हते. धंद्यात गुंतलेलं भांडवल होतं अवघं ८० लाख. ग्रॅहमच्या मोजपट्टीने हे महागच. विकणारे अडीच कोटींना राजी झाले, हे बफेंचं नशीब. सुटाच्या आतलं अस्तर कुठल्या गिरणीचं, असं दुकानात कोणी विचारत नाही. पण नाताळात कॅलिफोर्नियातल्या घरी डबा न्यायचा तो सीजचाच. म्हणून दरवर्षी भाव थोडा चढवता येई आणि गिऱ्हाईक हलत नसे. ३५ वर्षांत मालाचा खप वजनाने दुपटीलाही पोचला नाही, पण वर्षाचा करपूर्व नफा ५० लाखांच्या आतून ८ कोटी २० लाखांवर गेला. एवढ्या वाढीसाठी जादा भांडवल लागलं ३ कोटी २० लाख, आणि त्या काळात एकूण करपूर्व नफा झाला १३५ कोटी डॉलर. कर भरून उरलेला बहुतेक पैसा बफेंनी दुसरे चांगले धंदे घ्यायला वापरला.

व्यवस्थापकांसाठी खरा धडा इथे आहे. नफा ज्या खात्यात झाला त्याच खात्यात परत घालायचा, ही आपली जुनी सवय. बफेंनी ती मोडली. गिरणीतल्या शिलकी पैशातून १९६७ साली त्यांनी ओमाहामधली नॅशनल इंडेम्निटी ही विमा कंपनी ८६ लाख डॉलरना घेतली, आणि पुढचं साम्राज्य त्या पायावर उभं राहिलं. गिरणी त्यांनी २० वर्षं ओढली. १९८५ साली ती बंद झाली तेव्हा न्यू बेडफर्डच्या कामगारांचा रोजगार गेला. भांडवलाचं बरोबर गणित कामगाराच्या घरात बरोबर येतंच असं नाही, हे गिरणगावात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

विमा कंपनीची गोष्ट तर प्रत्येक विक्री विभागाच्या भिंतीवर लावावी अशी. १९८६ साली तिचा हप्त्यांचा धंदा सुमारे ३६ कोटी ६० लाख डॉलर होता. मग स्पर्धक पडेल भावाने विमे विकू लागले. हिने भाव पाडला नाही आणि धंदा घटत घटत १९९९मध्ये साडेपाच कोटींवर आला. दुसऱ्या कुठल्याही कंपनीत प्रमुखाची केव्हाच गच्छंती झाली असती. बफेंनी उलट सांगून ठेवलं होतं की काम कमी झालं म्हणून कोणाला काढणार नाही. कारण नोकरी जाण्याची धास्ती असली की माणूस तोट्याचा विमाही विकून मोकळा होतो. पुढे बाजार सुधारला आणि २००४पर्यंत धंदा ६० कोटींच्या वर गेला. टार्गेट वाढवणं सोपं असतं. तोट्याची ऑर्डर नाकारणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं फार थोड्या वरिष्ठांना जमतं.

सामान्य गुंतवणूकदारानेही यातून बोध घ्यावा. शेअर निम्म्या भावात मिळतोय किंवा धंदा वाढतोय एवढ्यावर भुलू नये. विमानं भरभरून उडतात, तरी जेट एअरवेज एप्रिल २०१९मध्ये जमिनीवर आली. प्रवासी वाढले म्हणजे मालकाचा पैसा वाढला असं होत नाही.

पुढच्या वेळी कुठल्याही कंपनीचा शेअर घ्याल तेव्हा दोन आकडे शेजारी शेजारी लिहा : गेल्या दहा वर्षांत कंपनीने धंद्यात नव्याने किती पैसा घातला, आणि तिचा वार्षिक नफा कितीने वाढला. पहिला मोठा आणि दुसरा किरकोळ असेल, तर शेअर कितीही स्वस्त दिसो, हात आवरा. दोन्ही आकडे काढायला लागणारी सगळी माहिती वार्षिक अहवालांत छापलेली असते आणि ती फुकट मिळते.